फोटॉनची बखर आणि फोटॉनचे दफ्तर

आजचा धागा एका प्रश्नमंजूषेपासून सुरू होतो. महाविद्यालयात असताना एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत प्रश्न आला : फोटॉनचा शोध कोणी व कोणत्या वर्षी लावला? शेजारच्या संघाने क्षणार्धात उत्तर दिले, "आइन्स्टाइन, १९०५." टाळ्या झाल्या, दहा गुण गेले आणि मी स्वतःवर चरफडलो, कारण उत्तर मलाही ठाऊक होते. आज मागे वळून पाहताना वाटते, की ते दहा गुण त्यांना मिळायला नको होते. मलाही नकोच.

इतिहासाच्या वाचकांना बखर आणि अस्सल कागद यांतला भेद नव्याने सांगायला नको. बखर घटनेनंतर लिहिली जाते. तिचा शेवट लेखकाला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे तिच्यातला नायक पहिल्या पानापासून नायकासारखा चालतो आणि विरोधक पहिल्या पानापासून चुकलेला असतो. कागद मात्र त्या दिवशीचा असतो. उद्या काय होणार हे त्याला माहीत नसते. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करायला आरंभ केला तो याच भेदासाठी. मराठ्यांच्या इतिहासाबाबत आपण ही शिस्त पाळतो, निदान पाळावी असे म्हणतो. विज्ञानाच्या इतिहासाबाबत मात्र आपण सारे अजून बखरीवरच जगतो.

फोटॉनची बखर अशी आहे. प्रकाश ही लहर आहे असे सर्वांना वाटत होते. मग धातूवर प्रकाश पाडला असता इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हा प्रकाशविद्युत परिणाम आढळला. लहरींच्या सिद्धान्ताला तो उलगडेना. १९०५ मध्ये पेटंट कचेरीतल्या एका तरुण कारकुनाने सांगितले, की प्रकाश कणांचा बनलेला आहे. जुन्या पिढीने कुरकुर केली, प्रयोगांनी तरुणाला खरे ठरवले, नोबेल मिळाले. तात्पर्य, प्रकाश कधी लहर असतो तर कधी कण.

या कथेतले जवळजवळ प्रत्येक वाक्य एकटे घेतले तर खरे आहे. सगळी एकत्र ठेवली की मात्र खोटी होतात. का, हे पाहण्यासाठी दफ्तर उघडू.

पहिला कागद आहे १८८७ चा, जर्मनीतील कार्ल्सरूहचा. हाइनरिश हर्ट्झ तेथे मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष निर्माण करू पाहत होते. एका बाजूला ठिणगी पाडायची आणि काही अंतरावरच्या तारेच्या कड्यातील बारीक फटीत उमटणारी प्रतिठिणगी पाहायची, अशी त्यांची मांडणी होती. ही दुसरी ठिणगी इतकी क्षीण असे, की ती नीट दिसावी म्हणून हर्ट्झ यांनी तिच्याभोवती काळे आवरण घातले. आणि काय आश्चर्य, ठिणगी आखूड झाली! अंधाराने ठिणगीचे काय बिघडावे? त्यांनी मध्ये काच ठेवून पाहिली, मग स्फटिक ठेवून पाहिला. काच ठेवली की ठिणगी आखडते, स्फटिक ठेवला की आखडत नाही. काच अतिनील किरण अडवते, स्फटिक अडवत नाही. म्हणजे पहिल्या ठिणगीतून येणारा अतिनील प्रकाश दुसऱ्या ठिणगीला हात देत होता.

हाच प्रकाशविद्युत परिणाम. ज्या टेबलावर रेडिओलहरी सिद्ध झाल्या, त्याच टेबलावर, त्याच उपकरणात, लहरींच्या सिद्धान्ताला पुढे जड जाणारी गोष्ट दिसली. प्रत्येक विज्ञानप्रेमी ही गंमत म्हणून सांगतो. मला मात्र तिच्यात गमतीहून अधिक काही दिसते. हर्ट्झ एकाच वेळी वर्णपटाच्या दोन टोकांशी खेळत होते. एका हाती मीटरांत मोजायच्या लांब लहरी आणि दुसऱ्या हाती मिलिमीटरच्या हजारांशाहूनही आखूड असा अतिनील प्रकाश. लांब टोकाने 'लहर' असे सांगितले, आखूड टोकाने काहीतरी वेगळेच पुटपुटले. फोटॉनच्या इतिहासातले पुढचे सारे वाद या एका प्रयोगात बीजरूपाने आहेत. कोण बरोबर होता यापेक्षा कोण वर्णपटाच्या कोणत्या खिडकीत बसला होता, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आता १९०५ चा तो सुप्रसिद्ध निबंध. 'अनालेन डेर फिजीक' या नियतकालिकाची सतरा पाने. बखर वाचून आलेल्या माणसाला वाटते, की आइन्स्टाइन यांनी प्रकाशविद्युत परिणामाचे कोडे सोडवण्यासाठी तो लिहिला. तो परिणाम येतो निबंधाच्या नऊ प्रकरणांतील आठव्यात, इतर काही उदाहरणांच्या रांगेत. खरा युक्तिवाद उष्णतेच्या शास्त्रातला आहे. बंद पेटीतील उष्णप्रारणाची एन्ट्रॉपी पेटीच्या आकारमानाप्रमाणे कशी बदलते, हे आइन्स्टाइन यांनी तपासले आणि ती सुट्या रेणूंच्या वायूसारखी बदलते असे त्यांना आढळले. म्हणून हे प्रारण जणू ऊर्जेच्या स्वतंत्र पुंजांचे बनले असावे, असा त्यांचा तर्क. शीर्षकातच त्यांनी याला शोधाला उपयोगी पडेल असा 'दृष्टिकोन' म्हटले आहे, सिद्धान्त म्हटलेले नाही.

आणि एक अट घातली आहे, जी बखरीतून सर्रास गळते. हा निष्कर्ष विरळ प्रारणापुरता आहे, म्हणजे वीनचा नियम लागू पडतो त्या उच्च वारंवारतेच्या प्रदेशापुरता. वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाला काय होते, याविषयी त्या युक्तिवादाने काही म्हटलेले नाही.

ते त्यांनी १९०९ मध्ये म्हटले. मला विचाराल तर फोटॉनच्या दफ्तरातील सर्वांत मौल्यवान कागद हाच आणि लोकप्रिय लेखनात सर्वांत कमी आढळणाराही हाच. आइन्स्टाइन यांनी विचारले : उष्णप्रारणाने भरलेल्या पेटीचा एक छोटा कोपरा घेतला, तर त्यातील ऊर्जा सरासरीच्या वरखाली किती हेलकावते?

दोन चित्रे डोळ्यांपुढे आणा. पहिले, आठवडी बाजारात एका ओट्याजवळ उभी असलेली माणसे. ती सुटी, एकमेकांशी संबंध नसलेली. त्यांची संख्या क्षणोक्षणी थोडी वरखाली होते. सरासरी n असेल तर या चढउताराचे माप (सांख्यिकीत ज्याला प्रचरण म्हणतात ते) n एवढेच येते. दुसरे, बंदरातील पाणी, ज्यावर अनेक दिशांच्या लाटा एकमेकींवर चढतात. कुठे दोन शिखरे जुळतात आणि पाणी उसळते, कुठे शिखर दरीला मारते आणि पाणी शांत होते. येथे हेलकावे फार मोठे, माप n चा वर्ग. प्लांकच्या सूत्रावरून आइन्स्टाइन यांनी प्रारणाच्या हेलकाव्याचे गणित केले तेव्हा उत्तर ना बाजाराचे आले, ना बंदराचे. दोहोंची बेरीज आली. n अधिक n चा वर्ग. एकाच सूत्रात कण आणि लहर शेजारी शेजारी, मध्ये अधिक-चिन्ह.

येथे 'कधी लहर, कधी कण' नाही. दोन्ही सदैव आहेत. फक्त n लहान असेल तर पहिले पद वरचढ ठरते, n मोठा असेल तर दुसरे. हा n म्हणजे प्रत्येक कंपनप्रकारामागे सरासरी किती पुंज आहेत तो आकडा. वर्णपटात तो किती बदलतो हे पाहण्यासाठी एक फेरफटका मारू.

नारायणगावाजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. ती ज्या लहरी पकडते त्यांपैकी ६०० मेगाहर्ट्झची लहर घ्या. तिच्या एका पुंजाची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या सुमारे अडीच दशलक्षांश. खोलीच्या तापमानाला उष्णतेचे जे नैसर्गिक कंपन असते त्याची ऊर्जा याच्या दहा हजार पटींहून अधिक. विश्वाच्या पार्श्वप्रारणाचे तापमान शून्याच्या वर जेमतेम २.७ केल्विन, तरी या वारंवारतेला त्याचा n जवळजवळ ९५ भरतो. एवढ्या गर्दीत एकटा पुंज शोधणे म्हणजे आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात एक वारकरी वेगळा ओळखणे. म्हणून खोडदला शास्त्रज्ञ लहरींची भाषा बोलतात. त्यांच्या तबकड्या लहरींची शिखरे-दऱ्या जुळवून चित्र रचतात.

आता वारंवारता दशलक्ष पटींनी वाढवा. हिरवा प्रकाश आला, पुंजाची ऊर्जा सुमारे अडीच इलेक्ट्रॉनव्होल्ट. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तापमानालाही येथे n शंभरांश भरत नाही. आणखी दशलक्षदशलक्ष पट वर गेलात, की लडाखमधील हानले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण भेटते. अतिउच्च ऊर्जेचा एक गॅमा पुंज वातावरणावर आदळला, की काही अब्जांश सेकंद टिकणारी निळसर चमक होते आणि ती दुर्बीण अशा चमका एकेक करून मोजते. तेथे लहरीची भाषा कोणी काढत नाही. खोडदचा शास्त्रज्ञ आणि हानलेचा शास्त्रज्ञ एकाच गोष्टीचा अभ्यास करतात. दोघांच्या खिडक्या वेगळ्या आहेत इतकेच.

सप्टेंबर १९०९ मध्ये साल्झबुर्गच्या परिषदेत आइन्स्टाइन यांनी हे गणित मांडले आणि पुढे लहर व कण यांचा एक प्रकारचा मिलाफ असलेला सिद्धान्त यावा लागेल असे सुचवले. सभेत अध्यक्षस्थानी प्लांक होते. त्यांनी आदराने, पण स्पष्टपणे सांगितले, की हे पाऊल उचलण्याची गरज अजून त्यांना दिसत नाही. चार वर्षांनी, १९१३ मध्ये, आइन्स्टाइन यांना प्रशियाच्या विज्ञान अकादमीत घेण्याची शिफारस प्लांक व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी केली. तीत तोंड भरून स्तुती आहे आणि वर अशी पुस्ती, की प्रकाशपुंजांच्या कल्पनेसारख्या ठिकाणी त्यांचा नेम कधी चुकला असला तरी ते फार मनावर घेऊ नये.

बखर येथे हसते. पाहा, म्हणते, म्हाताऱ्यांना कळले नाही!

माझे मत उलट आहे. शंका घेणाऱ्यांनी त्या काळी शंका घेतली नसती, तर ते वाईट शास्त्रज्ञ ठरले असते. त्यांच्या टेबलावर काय होते ते पाहा. त्याच १९०९ साली केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी प्रकाश इतका मंद केला, की एका सुईच्या सावलीचे छायाचित्र घ्यायला सुमारे तीन महिने लागले. तरी सावलीच्या कडेचे लहरींचे पट्टे तितकेच स्पष्ट उमटले. पुंज एकमेकांना धक्के देऊन हे पट्टे करत असतील, तर विरळ प्रकाशात ते पुसट व्हायला हवे होते. लॉरेन्ट्झ यांनी दाखवून दिले, की दुर्बिणीच्या भल्या मोठ्या भिंगाचा प्रत्येक भाग ताऱ्याची प्रतिमा रेखीव करण्यास हातभार लावतो. तेव्हा पुंज असलाच तर तो निदान त्या भिंगाएवढा रुंद मानावा लागेल. मग एवढा पसरलेला पुंज एका इलेक्ट्रॉनमध्ये क्षणात मावतो कसा? या प्रश्नाला १९१० मध्ये कोणाजवळही उत्तर नव्हते. आइन्स्टाइनजवळही नव्हते.

क्ष-किरणांच्या खिडकीत तर याहून मोठी धांदल होती. विल्यम हेन्री ब्रॅग यांना क्ष-किरण कणरूप वाटत होते. बार्क्ला लहरींच्या बाजूचे. १९०७-०८ च्या सुमारास दोघांचे जोरदार वाक्युद्ध झाले. मग १९१२ मध्ये म्युनिकला लाउए, फ्रीड्रिश व निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन करून दाखवले आणि क्ष-किरण लहरीच आहेत हे ठरले. ब्रॅग हरले, असे बखर म्हणेल. पण ब्रॅग यांनी काय केले? मुलाला हाताशी घेऊन त्याच विवर्तनातून स्फटिकांची रचना वाचण्याचे शास्त्र उभारले आणि त्याच वर्षी लिहिले, की प्रश्न आता दोन सिद्धान्तांतून एक निवडण्याचा राहिलेला नसून दोघांचेही सामर्थ्य अंगी असणारा एकच सिद्धान्त शोधण्याचा आहे. कारण त्यांना दिसलेले कोडे विवर्तनाने सुटले नव्हते. त्यांनी पुढे त्याला एक दृष्टान्त दिला. शंभर फूट उंचीवरून एक फळी समुद्रात टाकावी, लाट पसरत पसरत हजारो मैल जावी, अगदी क्षीण व्हावी आणि तेथे एका जहाजाला लागताच त्यातली एक फळी शंभर फूट उंच उडावी, तसे क्ष-किरण वागतात. नळीत आदळलेल्या इलेक्ट्रॉनची जवळजवळ सगळी ऊर्जा दूरवरच्या दुसऱ्या एका इलेक्ट्रॉनला मिळते. ज्याने हा दृष्टान्त रचला तो माणूस आपल्या पाठ्यपुस्तकांत स्फटिकांच्या प्रकरणात सापडतो. फोटॉनच्या प्रकरणात त्याला जागा नाही, याची मला खंत वाटते.

मग मिलिकन आले. आइन्स्टाइन यांचे प्रकाशविद्युत समीकरण खोटे ठरवावे अशाच अपेक्षेने त्यांनी शिकागोत वर्षानुवर्षे खपून प्रयोग केले. धातूचा पृष्ठभाग हवेने मळतो म्हणून निर्वात नळीच्या आतच सोडियम-पोटॅशियमसारखे धातू खरवडणारी यंत्रणा बसवली. १९१६ मध्ये निकाल आला : समीकरण तंतोतंत खरे, प्लांकचा स्थिरांक सुमारे अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेने मिळाला. आणि त्याच निबंधात मिलिकन लिहितात, की ज्या पुंजकल्पनेतून हे समीकरण निघाले ती धाडसी, किंबहुना बेपर्वा आहे आणि टिकणारी नाही.

हट्टीपणा? मलाही तसे वाटत असे. पण समीकरण खरे ठरणे आणि त्यामागचे चित्र खरे ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मिलिकन यांनी त्या वेगळ्या ठेवल्या. १९६९ मध्ये लॅम्ब आणि स्कली यांनी दाखवले, की अणूंना पुंजयामिकी लावून प्रकाशाला मात्र जुन्या पद्धतीची अखंड लहर मानले, तरी प्रकाशविद्युत परिणामाचे ते समीकरण निघते. म्हणजे शाळेत ज्याला आपण फोटॉनचा पुरावा म्हणून शिकवतो, तो एकटा फोटॉनचा पुरावा नाहीच. मिलिकन यांना १९१६ मध्ये हे गणित माहीत नव्हते. त्यांच्या सावधपणाला मात्र त्याने अर्धशतकानंतर आधार दिला.

नोबेल समितीही तितकीच सावध. १९२१ चे पारितोषिक १९२२ मध्ये जाहीर झाले ते प्रकाशविद्युत परिणामाच्या 'नियमा'साठी. पुंजांचा त्यात निर्देश नाही. १९२२ चे पारितोषिक घेताना बोर यांनी त्याच डिसेंबरात दिलेल्या व्याख्यानात सांगितले, की प्रकाशपुंजांची कल्पना प्रारणाच्या स्वरूपावर उजेड पाडू शकत नाही. 'फोटॉनसाठी आइन्स्टाइनला नोबेल' हे वाक्य तुम्ही यापुढे कुठे वाचाल, तेव्हा हा महिना आठवा.

वारे फिरले ते १९२३ मध्ये, आणि पुन्हा क्ष-किरणांच्याच खिडकीतून. आर्थर कॉम्प्टन यांनी सेंट लुईस येथे ०.०७१ नॅनोमीटर तरंगलांबीचे क्ष-किरण ग्रॅफाइटवर सोडले. काटकोनात विखुरलेल्या किरणांची तरंगलांबी ०.००२४ नॅनोमीटरने वाढलेली आढळली. पुंज म्हणजे गोटी आणि इलेक्ट्रॉन म्हणजे दुसरी गोटी असे मानून टकरीचे गणित केले, की नेमका हाच आकडा येतो. कॉम्प्टन हे काही पहिल्यापासून पुंजवादी नव्हते. कित्येक वर्षे त्यांनी इलेक्ट्रॉनला निरनिराळे आकार देऊन जुन्या सिद्धान्तातूनच उत्तर काढण्याचा प्रयत्न केला होता.

हे क्ष-किरणांतच का दिसावे? कारण ही वाढ मूळ तरंगलांबी कितीही असो, तेवढीच असते. ०.०७१ मध्ये ०.००२४ म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास, सहज मोजण्याजोगी. ५०० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात तीच वाढ दोन लाखांत एक. खोडदच्या अर्ध्या मीटरच्या लहरीत वीस हजार कोटींत एक. निसर्गाने पुंजाची टक्कर सर्वत्र ठेवली होती, पण पाहण्याची सोय एकाच खिडकीत केली होती. ज्याने आयुष्य रेडिओ किंवा दृश्य प्रकाशात घालवले त्याला ती दिसली नाही, यात त्याचा बुद्धिदोष कोणता?

बोर यानंतरही वळले नाहीत. १९२४ मध्ये क्रामर्स व स्लेटर यांच्यासह त्यांनी सुचवले, की ऊर्जेची अक्षय्यता कदाचित प्रत्येक टकरीत पाळली जात नसेल, केवळ सरासरीने पाळली जात असेल. पुंज मान्य करण्यापेक्षा भौतिकशास्त्राचा सर्वांत पवित्र नियम सैल करणे त्यांना बरे वाटले. येथे मात्र माझीही सहानुभूती संपते. पण तो प्रस्ताव तपासता येण्याजोगा होता आणि १९२५ मध्ये बर्लिनच्या बोथे व गायगर यांनी तो तपासला. विखुरलेला क्ष-किरण आणि उडालेला इलेक्ट्रॉन प्रत्येक वेळी जोडीने निघतात, हे त्यांना दिसले. बोर यांनी प्रस्ताव मागे घेतला. क्ष-किरणांपुरता तरी पुंज खरा ठरला तो येथे.

या साऱ्या गदारोळात एक पत्र ढाक्याहून निघाले. ४ जून १९२४. लिहिणारे सत्येंद्रनाथ बोस, वय तीस, ढाका विद्यापीठात अध्यापक. सोबत छोटासा निबंध होता. प्लांकचे सूत्र तोवर जे काढत ते अर्धे पुंजाच्या आणि अर्धे लहरींच्या जुन्या गणिताने काढत. बोस यांनी लहरींचा आधारच काढून टाकला. प्रकाशपुंज घेतले आणि ते घरांत किती प्रकारे वाटता येतील ते मोजले. मोजताना मात्र एक विलक्षण गोष्ट केली : पुंजांना ओळख ठेवली नाही. दोन पुंज, दोन घरे. सुट्या नाण्यांसारखे मोजले तर चार वाटण्या होतात. बोस यांच्या हिशोबात तीनच, कारण 'हा येथे, तो तेथे' आणि 'तो येथे, हा तेथे' या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. एवढ्याने प्लांकचे सूत्र संपूर्ण मिळाले. आइन्स्टाइन यांनी स्वतः तो निबंध जर्मनमध्ये उतरवला आणि प्रसिद्ध करवला.

आपल्याकडे ही कथा 'भारतीयाला आइन्स्टाइनने दाद दिली' एवढ्यावर थांबते. अभिमान ठीक आहे, पण तो थोडा चुकीच्या जागी ठेवला जातो. बोस यांचे काम असे : तीन वाटण्यांपैकी दोनमध्ये दोन्ही पुंज एकाच घरात असतात. सुट्या नाण्यांत हे प्रमाण निम्मे असते, बोस यांच्या गणतीत दोन तृतीयांश. म्हणजे पुंज गर्दी करतात. जेथे एक असतो तेथे दुसरा येण्याची शक्यता वाढते. आणि ही गर्दी म्हणजेच १९०९ च्या सूत्रातले ते दुसरे पद, n चा वर्ग, बंदरातली लाट! केवळ कण मोजून लहर हाती आली. अधिक-चिन्हाच्या दोन्ही बाजू एका गणतीतून निघाल्या. कणांना ओळख नसणे यालाच आपण दुसऱ्या टोकाने पाहिले की लहर म्हणतो, असे म्हणायला बोस यांनी वाट मोकळी केली. हे पत्र पाठवताना त्याचा एवढा पल्ला त्यांना तरी ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

'फोटॉन' हा शब्द अजून रूढ झालाच नव्हता, हे येथे सांगून टाकतो. तो रूढ झाला डिसेंबर १९२६ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका पत्रामुळे. लिहिणारे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस. त्यांचा फोटॉन निर्माणही होत नसे आणि नष्टही होत नसे, म्हणजे आजच्या फोटॉनपेक्षा अगदीच निराळा. कल्पना टिकली नाही, नाव टिकले. तेव्हा १९०५ मध्ये आइन्स्टाइनने 'फोटॉन' शोधला असे म्हणणे म्हणजे शिवकाळात कोणी 'महाराष्ट्र राज्य' स्थापन केले असे म्हणण्यासारखे आहे.

शेवटचा कागद १९५६ चा. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन हे युद्धकाळातील रडार अभियंते, जन्म निलगिरीतील अरुवंकाडूचा. रेडिओ ताऱ्यांचा व्यास मोजण्यासाठी त्यांनी व गणिती रिचर्ड ट्विस यांनी एक युक्ती काढली होती. दोन दूरच्या ग्राहकांत येणाऱ्या लहरी जुळवायच्या नाहीत, त्यांच्या तीव्रतेचे हेलकावे जुळवायचे. रेडिओत ती उत्तम चालली आणि कोणी हरकत घेतली नाही. मग दोघांनी तीच युक्ती दृश्य प्रकाशाला लावली. त्याबरोबर एकच गिल्ला झाला. अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी सांगितले, की हे अशक्य आहे. एका ताऱ्याचे दोन फोटॉन दोन वेगळ्या उपकरणांत संगनमत करून कसे पोहोचतील? बुडापेस्ट आणि कॅनडा येथील प्रयोगांत परिणाम दिसला नाही, असेही जाहीर झाले.

येथे इतिहासाने बाजू बदलली, हे लक्षात घ्या. १९१० मध्ये लहरवादी म्हणत होते, की पुंज अशक्य आहेत. १९५६ मध्ये त्यांचेच वारसदार फोटॉनची बखर पाठ करून बसले होते आणि लहरीसारखे वागणे अशक्य आहे म्हणत होते. सुट्या नाण्यांचे चित्र डोक्यात इतके घट्ट बसले होते, की बोस यांची गणती विसरली गेली. हॅनबरी ब्राउन व ट्विस यांनी लष्कराचे दोन टाकाऊ शोधदीप घेतले, त्यांचे आरसे व्याधाच्या ताऱ्याकडे वळवले आणि त्याचा कोनीय व्यास मोजला : चापसेकंदाच्या सुमारे सहा हजारांश. पर्सेल यांनी त्याच वर्षी समजावून सांगितले, की यात पुंजयामिकीच्या विरुद्ध काही नाही, फोटॉन बोस यांच्या नियमाने गर्दी करतात ती हीच. विरोधी प्रयोगांत परिणाम दिसला नाही, कारण दृश्य प्रकाशात n फार लहान असतो आणि त्या उपकरणांत तो दिसणे जवळजवळ अशक्य होते. रेडिओवाल्यांना जे रोजचे होते ते प्रकाशवाल्यांना चमत्कार वाटले. पुन्हा खिडकीचाच फरक.

या प्रयोगाने सिद्ध झाला तो लहरीचा अंश. अखंड लहर ज्याचे स्पष्टीकरण देऊच शकत नाही असे वर्तन दृश्य प्रकाशात पकडायला १९७० चे दशक उजाडावे लागले. १९७७ मध्ये रॉचेस्टर येथे किंबल, दाजने व मँडेल यांनी सोडियमच्या सुट्या अणूंकडून येणारा प्रकाश तपासला आणि तेथे फोटॉन गर्दी करण्याऐवजी एकमेकांपासून अंतर राखून येतात हे दाखवले. एक अणू एक फोटॉन सोडतो आणि दुसरा सोडण्यापूर्वी त्याला क्षणभर दम घ्यावा लागतो, म्हणून.

काही शिक्षक मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. बारावीच्या मुलाला एवढे सगळे कसे सांगणार? त्याला एक नाव, एक साल, एक समीकरण द्यावे, बाकीचे तो पुढे शिकेल. अडचण खरी आहे. पण तो पुढे शिकत नाही. बहुतेक जण त्या एका वाक्यावरच आयुष्य काढतात आणि त्या वाक्यातून दोन चुकीच्या गोष्टी घेऊन जातात. पहिली, की प्रकाश दोन वेषांत फिरणारा बहुरूपी आहे. दुसरी, की शंका घेणारा तो मूर्ख. समीकरण तेच ठेवावे, साल तेच ठेवावे. फक्त त्यापुढे एक ओळ जोडावी, की मिलिकन यांनी हे समीकरण सिद्ध केले आणि तरीही पुंज नाकारले. वर्गातला एक तरी मुलगा किंवा मुलगी विचारेल, "असे कसे?" त्या प्रश्नाला मी ते दहा गुण देईन.

१९५१ च्या डिसेंबरात आइन्स्टाइन यांनी आपले जुने मित्र मिशेल बेसो यांना लिहिले, की पन्नास वर्षे विचार करूनही प्रकाशपुंज म्हणजे काय या प्रश्नाच्या उत्तराजवळ आपण पोहोचलेलो नाही. हल्ली ज्याला त्याला ते कळले आहे असे वाटते, पण तो भ्रम आहे, असेही वर म्हटले. प्रश्नमंजूषेत ज्यांच्या नावावर शोध जमा आहे, त्यांचेच हे पत्र.

पुढील धाग्यात दुसरे बोस, जगदीशचंद्र. १८९५ मध्ये कलकत्त्यात त्यांनी हर्ट्झच्या लहरी मिलिमीटरांवर आणल्या आणि रेडिओलहरींवर लोलक व भिंगांचे प्रयोग केले. वर्णपटाच्या दोन टोकांमधली ती खिडकी त्यांनी कशी उघडली, ते तेव्हा पाहू.